उजव्या हाताचा रस्ता

बैल आणि बाजू

बैल जुंपताना शेतकरी एक गोष्ट पाहतो. हा बैल कोणत्या अंगाचा? उजव्या अंगाचा बैल उजवीकडे जुंपायचा. डाव्या अंगाचा डावीकडे. बाजू बदलली, तर चांगला बैलही अडखळतो. मान वाकडी करतो. तास सोडून चालतो. त्यात बैलाचा दोष नाही. त्याच्या अंगातली ताकद तेवढीच आहे. पण त्याला सवय एका बाजूची आहे.

माणसाचेही तसेच आहे. एखादा ड्रायव्हर वीस वर्षे गाडी चालवतो. घाट, पाऊस, रात्र, सगळे त्याने पाहिलेले असते. मग तो परदेशी कामाला जातो. तिथे रस्त्याची बाजूच उलटी! आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. तिथे उजव्या बाजूने.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतली माणसे कित्येक वर्षे आखाती देशांत कामाला जात आली आहेत. दुबई, अबू धाबी, सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन ही नावे तुम्ही ऐकली असतील. या सगळ्या ठिकाणी वाहने उजवीकडून चालतात. तिथे कोणी टॅक्सी चालवतो, कोणी मालाची गाडी, कोणी घरमालकाची मोटार. अशा ड्रायव्हरसाठी हा धडा आहे. त्याला निरोप देणाऱ्या घरच्या माणसांसाठीही आहे.

कोणाची बाजू खरी?

कोणी विचारील, "डावी बाजू खरी की उजवी?"

दोन्ही खऱ्या. रस्त्याची बाजू हा एक करार आहे. सर्वांनी एकच बाजू पाळली, म्हणजे समोरासमोर टक्कर होत नाही. कोणती बाजू पाळायची, हे त्या त्या देशाने ठरवलेले असते. आपल्याकडे इंग्रजांच्या राज्यात डावी बाजू पडली. ती तशीच चालू राहिली. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान, जपान, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, केनिया याही देशांत डावी बाजू आहे. जगातील सुमारे एकतृतीयांश माणसे डाव्या बाजूच्या देशांत राहतात. बाकीची उजव्या बाजूच्या देशांत.

म्हणून परदेशी गेल्यावर "आमच्याकडे असे नसते" हे म्हणणे कामाचे नाही. ज्या गावच्या विहिरीचे पाणी प्यायचे, त्या गावची रीत पाळायची.

गाडीत काय बदलते?

आपल्या गाडीत ड्रायव्हर उजव्या हाताला बसतो. तिकडच्या गाडीत तो डाव्या हाताला बसतो. आपण गिअर डाव्या हाताने टाकतो. तिथे गिअर उजव्या हाताने टाकायचा. नवा माणूस गिअरसाठी डावा हात खाली नेतो. तो हात दारावर आपटतो.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरची दांडी स्टिअरिंगच्या उजवीकडे असते. तिथे ती डावीकडे असते. मग काय होते? वळायची वेळ येते. ड्रायव्हर सवयीने उजवी दांडी ओढतो. इंडिकेटर लागतच नाही. भर उन्हात वायपर मात्र फिरू लागतो! बघणारे हसतात. पण मागच्या गाडीला इशारा मिळालेला नसतो. ती हसण्याची गोष्ट नाही.

पाठीमागे बघायचा आरसाही बाजू बदलतो. काचेच्या मध्यावरचा आरसा पाहायला आपण मान डावीकडे वळवतो. तिथे ती उजवीकडे वळवावी लागते.

आता काय बदलत नाही, तेही पाहा. पायाखालच्या तीन पट्ट्या तिथेही त्याच क्रमाने असतात. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे एक्सिलेटर. पायांना नवे काही शिकायचे नाही. हातांना, डोळ्यांना आणि मानेला शिकायचे आहे.

एक खूण मनात पक्की करा. ड्रायव्हरची जागा नेहमी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे असते. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो, आणि मधली रेषाही त्याच्या उजवीकडे असते. तिथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, आणि मधली रेषाही त्याच्या डावीकडे असते. गाडी त्याच देशातली असली, म्हणजे ही खूण खरी ठरते. आपण रस्त्याच्या कडेला बसलो आहोत असे वाटले, तर गाडी चुकीच्या बाजूला आहे असे समजावे.

वळण आणि सर्कल

सरळ रस्त्यावर बाजू सांभाळणे फार अवघड नाही. पुढची गाडी जाते, तिच्या मागे आपण जातो. खरी परीक्षा वळणावर असते.

आपल्याकडे डावे वळण लहान. कडेकडेने वळले की झाले. उजवे वळण मोठे. समोरून येणारी वाहने आधी जाऊ द्यावी लागतात. मग रस्ता ओलांडून वळावे लागते. तिथे हे उलट आहे. उजवे वळण लहान, डावे वळण मोठे. आपला ड्रायव्हर तिथे डावीकडे वळताना सवयीने कडेकडेने वळतो. तसे वळला, की तो थेट समोरून येणाऱ्या गाड्यांच्या तोंडी जातो. म्हणून डाव्या वळणाला दुप्पट सावध राहा. वळून कोणत्या बाजूला शिरायचे, ते वळण्याआधी मनात ठरवा.

सर्कलचेही असेच आहे. आपण देवळाला प्रदक्षिणा घालतो, तेव्हा देव उजव्या हाताला ठेवतो. आपल्याकडच्या सर्कलला गाडी तशीच फिरते. सर्कल उजव्या हाताला राहते. तिकडे सर्कल डाव्या हाताला ठेवून फिरायचे. हजला जाऊन आलेल्या माणसाला विचारा. तवाफ करताना काबा डाव्या हाताला असतो. तिकडच्या सर्कलला गाडी तशी फिरते. आत फिरणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. ती आपल्या डावीकडून येते. तिला आधी जाऊ द्यावे. मग आत शिरावे.

पुढे जाण्याची रीतही बदलते. आपल्याकडे पुढच्या गाडीच्या उजवीकडून ओव्हरटेक करायचे असते. तिथे डावीकडून. तिकडच्या मोठ्या रस्त्यावर एकाच दिशेला तीन-तीन, चार-चार लेन असतात. सावकाश जाणाऱ्याने उजव्या लेनमध्ये राहावे. सर्वांत डावी लेन पुढे जाण्यासाठी असते. पुढे गेलात, की परत उजवीकडे या.

पाटीला आकार असतो

तुम्ही मोठेपणी वाचायला शिकलात. आधी अक्षराचा आकार ओळखला. मग अक्षर वाचले. रस्त्यावरच्या पाट्यांचेही तसेच आहे. पाटीवरचे शब्द परक्या भाषेत असले, तरी आकार बोलतो.

लाल रंगाची, आठ कोनांची पाटी म्हणजे थांबा. आखाती देशांत तिच्यावर अरबी भाषेत "किफ" असे लिहिलेले असते. किफ म्हणजे थांब. तिथे चाक पूर्ण थांबले पाहिजे. नुसते हळू करून चालत नाही.

टोक खाली असलेला त्रिकोण म्हणजे दुसऱ्याला आधी जाऊ द्या. लाल काठाचा, टोक वर असलेला त्रिकोण म्हणजे पुढे धोका आहे. तिकडच्या वाळवंटात या त्रिकोणात उंटाचे चित्र दिसते. उंट रस्त्यावर येऊ शकतो, असा त्याचा अर्थ. लाल काठाचे वर्तुळ म्हणजे मनाई किंवा मर्यादा. त्यात आकडा असला, तर त्याहून जास्त वेगाने जायचे नाही. निळे वर्तुळ म्हणजे हुकूम. त्यातल्या बाणाप्रमाणेच जायचे. आपल्याकडेही पाट्यांचे हेच आकार आहेत. म्हणजे इथे आकार पक्के केलेत, तर तिथे निम्मे काम झालेले असते.

आकड्यांची मात्र एक गंमत आहे. अरबी लिपीतला पाच हा आपल्या शून्यासारखा गोल दिसतो. त्यांचे शून्य म्हणजे नुसता ठिपका. गोल आणि त्यापुढे ठिपका, म्हणजे पन्नास! पुष्कळ पाट्यांवर शेजारी इंग्रजी आकडेही असतात. तरी अरबी आकडे एक ते नऊ वहीत लिहून घ्यावेत. त्याला एक संध्याकाळ पुरते.

हॉर्न, अंतर आणि दंड

आपल्याकडे ट्रकच्या पाठीवर "हॉर्न ओके प्लीज" असे लिहायची रीत होती. महाराष्ट्रात २०१५ साली त्यावर बंदी आली. पण हॉर्न वाजवण्याची सवय गेली नाही. पुढे जायचे, वाजव हॉर्न. वळण आले, वाजव हॉर्न. ओळखीचा दिसला, वाजव हॉर्न. तिकडे हॉर्न फक्त धोक्याच्या वेळी वाजवतात. उगाच वाजवलात, तर समोरच्याला वाटते, हा माणूस आपल्याला शिवी देतो आहे.

दुसरी गोष्ट अंतराची. आपल्या गावच्या रस्त्याला गाड्या एकमेकींना चिकटून चालतात. वेग कमी असतो, म्हणून निभावते. तिकडे ताशी १०० किलोमीटर वेगाने वाहने धावतात. या वेगात गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे ९० फुटांहून जास्त. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एवढे अंतर संपलेले असते.

म्हणून तीन सेकंदांचे अंतर ठेवा. ते मोजायचे कसे? पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली, की मोजायला लागा. एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. एवढे म्हणून होण्याआधी आपण त्या खांबाजवळ पोचलो, तर आपण फार जवळ आहोत. पाय सैल करा. मागे राहा.

तिसरी गोष्ट राँग साइडची. आपल्याकडे म्हणतात, "दहा पावलांवर पंप आहे, कशाला वळसा घ्यायचा? राँग साइडनं जाऊ." तिकडे हे मुळीच चालत नाही. वळसा चार किलोमीटरचा असला, तरी तो घ्यायचा. समोरून येणारा ताशी १०० किलोमीटरने येत असतो. या रस्त्यावर आपल्यासमोर कोणी येईल, हे त्याच्या स्वप्नातही नसते.

दुबई, अबू धाबी ही शहरे ज्या देशात आहेत, त्याचे नाव संयुक्त अरब अमिराती. तिथे दंडाबरोबर काळे गुण देतात. २०१७ साली लागू झालेल्या नियमांत लाल दिवा तोडणाऱ्याला एकदम १२ काळे गुण ठेवले होते. एका वर्षात २४ गुण झाले, की लायसन अडकते. म्हणजे दोनदा लाल दिवा तोडला, की ड्रायव्हरची भाकरी बंद. घरी मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्यांची भाकरीही बंद. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला तर तुरुंग पाहावा लागतो.

एका देशाने बाजू बदलली

युरोपात उत्तरेकडे स्वीडन नावाचा देश आहे. तिथे पूर्वी वाहने आपल्यासारखी डावीकडून चालत. शेजारच्या नॉर्वे आणि फिनलंड या देशांत ती उजवीकडून चालत. सरहद्द ओलांडली, की बाजू बदलावी लागे. आणखी एक अडचण होती. स्वीडनमधल्या बहुतेक मोटारींत ड्रायव्हर डावीकडे बसे. म्हणजे तो मधल्या रेषेकडे नसून रस्त्याच्या कडेला असे. पुढची गाडी ओलांडताना समोरचे त्याला दिसत नसे.

सरकारने १९५५ साली लोकांना विचारले, "बाजू बदलू या का?" शंभरात ८३ लोक नको म्हणाले. लोकांना जुनी सवय सोडवेना. तरी अडचण होतीच. शेवटी १९६३ साली तिथल्या संसदेने बाजू बदलायचे ठरवले. चार वर्षे तयारी चालली. घरोघर माहितीची पुस्तिका वाटली. रस्त्यावरच्या हजारो पाट्या नव्या केल्या. बसगाड्यांना उजवीकडे दारे पाडली. काही जुन्या बसगाड्या पाकिस्तान आणि केनिया या डाव्या बाजूच्या देशांना विकल्या.

दिवस ठरला ३ सप्टेंबर १९६७, रविवार. मध्यरात्रीनंतर बहुतेक खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी होती. पहाटे पाचला दहा मिनिटे कमी असताना रस्त्यावरची वाहने थांबली. सावकाश दुसऱ्या बाजूला गेली. तिथे उभी राहिली. पाच वाजले. मग सारा देश उजवीकडून चालू लागला.

लोकांना भीती होती, की आता अपघातच अपघात होणार. झाले उलटे! सुरुवातीला अपघात कमी झाले. का? प्रत्येक जण डोळ्यांत तेल घालून चालवत होता. वेगाची मर्यादा कमी केली होती. जो तो दुसऱ्याकडे पाहत होता. पुढे दिवस गेले. नव्याची धास्ती गेली. अपघात हळूहळू पुन्हा पहिल्यासारखे होऊ लागले.

मंडळी, या गोष्टीत आपल्या धड्याचे सार आहे. रस्ता नवा असतो, तेव्हा माणूस जपून चालवतो. "आता मला येते" असे वाटले, की तो सैल होतो. जुनी सवय नेमकी तेव्हाच डोके वर काढते.

सवय कधी दगा देते?

गर्दीच्या रस्त्यात आपण चुकीच्या बाजूला शिरत नाही. सगळ्या गाड्या वाट दाखवत असतात. सवय दगा देते ती मोकळ्या रस्त्यावर.

पहाटे गाडी काढली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोणाच्या मागे जायचे, ते कळत नाही. हात सवयीने डावीकडे वळतो.

पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना असेच होते. एकेरी रस्ता संपून दुहेरी रस्ता लागतो, तेव्हा असेच होते. रात्री दमलेले असताना, मनात घरची काळजी असताना असेच होते. अचानक समोर कोणी आले, तर विचार करायला वेळच नसतो. तेव्हा हात जुन्या बाजूला ओढतो.

यावर उपाय साधे आहेत. उजव्या मनगटाला एक दोरा बांधा. दोऱ्याचा हात रस्त्याच्या कडेचा. गाडी सुरू करण्याआधी मोठ्याने म्हणा, "मी मधल्या रेषेकडे, दोरा कडेकडे." लाज वाटून घेऊ नका. पहिल्या आठवड्यात जुन्या जाणत्या माणसाला शेजारी बसवा. दमला असाल, तर गाडी बाजूला लावा. थोडे झोपा.

पायी चालणाराही चुकतो

ही गोष्ट ड्रायव्हरपुरती नाही. आपल्याकडे रस्ता ओलांडताना पहिली गाडी उजवीकडून येते. म्हणून आपण आधी उजवीकडे पाहतो. उजव्या बाजूच्या देशात पहिली गाडी डावीकडून येते. तिथे आधी डावीकडे पाहिले पाहिजे. रस्त्याच्या मध्यावर पोचल्यावर उजवीकडे.

विन्स्टन चर्चिल हे इंग्लंडचे मोठे पुढारी. पुढे १९४० साली ते तिथले पंतप्रधान झाले. इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच डावी बाजू आहे. डिसेंबर १९३१ मध्ये चर्चिल अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी गेले होते. अमेरिकेत उजवी बाजू. रात्री टॅक्सीतून उतरून ते रस्ता ओलांडू लागले. जन्माच्या सवयीने त्यांनी भलत्याच बाजूला पाहिले. दुसऱ्या बाजूने मोटार आली, आणि तिने त्यांना उडवले. डोक्याला जखम झाली. इस्पितळात राहावे लागले. चूक मोटारवाल्याची नाही, आपलीच आहे, असे त्यांनी सांगितले.

एवढ्या हुशार माणसाचीही मान सवयीने वळली. मग आपण किती जपायला हवे! लंडन शहरात अनेक ठिकाणी रस्त्यावरच "उजवीकडे पाहा" असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे. परक्या देशातून येणाऱ्यांची मान चुकीच्या बाजूला वळते, हे तिथल्या लोकांना माहीत आहे. मुलाला भेटायला परदेशी जाणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट विसरू नये. सर्वांत बरे म्हणजे दोन्हीकडे पाहावे, आणि पुन्हा एकदा पाहावे.

मामा कागद वाचतो

समजा, तुमचा भाचा वडापची जीप चालवतो. त्याला परदेशी ड्रायव्हरचे काम मिळते आहे. करार इंग्रजीत आहे. शाळेतल्या मास्तरांनी तो मराठीत उतरवून दिला आहे. भाचा घाईत आहे.

"मामा, एजंट म्हणतो, इथलं लायसन तिकडं चालतं. उतरलं की गाडी हातात!"

"थांब बाळा. मी वाचतो."

मामा बोट ठेवून एकेक ओळ वाचतो.

"हे बघ. इथं लिहिलंय, 'लायसनचा खर्च कामगाराने करावा.' म्हणजे इथलं लायसन चालत नाही. तिथं नवं काढावं लागणार. त्याचा खर्च किती?"

"ते विचारलं नाही, मामा."

"आणि परीक्षेत नापास झालास तर? पुन्हा पैसे कोण भरणार? तोवर पगार मिळणार का?"

भाचा गप्प बसतो. उद्या एजंटाला हे चार प्रश्न विचारायचे, असे दोघे ठरवतात.

मामाने योग्य तेच विचारले. आपल्या आर.टी.ओ. कचेरीतून आंतरराष्ट्रीय परवाना मिळतो. तो एक वर्षाचा असतो. पण तो पाहुणा म्हणून जाणाऱ्याच्या कामाचा. अमिरातीत नोकरीसाठी राहणाऱ्या आपल्या माणसाला तिथलेच लायसन काढावे लागते. त्यासाठी तिथल्या शाळेत शिकावे लागते. परीक्षा द्यावी लागते. दुबईत नियमांची परीक्षा हिंदी आणि उर्दूतही देता येते. पण रस्त्यावरच्या परीक्षेत जुनी सवय नापास करते. प्रत्येक वेळी पुन्हा पैसे जातात. कर्ज काढून गेलेल्या माणसाला हा खर्च जड जातो.

म्हणून एजंट सरकारकडे नोंद असलेला आहे का, ते आधी पाहा. कोणती गाडी चालवायची, हलकी की जड, ते करारात लिहून घ्या. शिकण्याचा खर्च कोणाचा, तेही लिहून घ्या. तोंडी शब्दावर जाऊ नका.

आणखी एक. तिथे अपघात झाला, तर पळू नका. जागेवर थांबा. पोलिसांना कळवा. अमिरातीत पोलिसांचा नंबर ९९९ आहे. पोलिसांच्या कागदाशिवाय तिथे गॅरेजवाला ठोकलेली गाडी दुरुस्तीला घेत नाही. आपल्या देशातही अपघातानंतर थांबणे आणि जखमीला मदत करणे हे ड्रायव्हरचे कायद्याने ठरलेले काम आहे.

घरी करायचा सराव

जाण्याआधी महिनाभर हा सराव करा. अंगणात खडूने चौक काढा. मधली रेषा काढा. काड्यापेट्यांच्या गाड्या करा. सगळ्या गाड्या उजव्या बाजूने चालवा. मुलांना बरोबर घ्या. मुले चुका चटकन पकडतात. डावे वळण पन्नास वेळा घ्या. मध्ये तांब्या ठेवा. तो डाव्या हाताला ठेवून गाडी फिरवा.

मग ताटली हातात घ्या. ती स्टिअरिंग. खाटेवर बसा. उजव्या हाताने गिअर टाका. मान उजवीकडे वळवून आरसा पाहा. घरची माणसे हसली, तर हसू द्या. तुम्ही पाटी घेऊन अक्षरे गिरवायला बसलात, तेव्हाही कोणी हसले असेल. आज तुम्ही हा धडा वाचत आहात.

सुट्टीवर घरी आल्यावर

दोन वर्षांनी ड्रायव्हर सुट्टीवर घरी येतो. आता त्याच्या हाताला उजव्या बाजूची सवय झालेली असते. मित्र म्हणतात, "चल, जीप काढ. जत्रेला जाऊ." गावचा रस्ता मोकळा असतो. हात उजवीकडे वळतो, आणि वळणावरून एस.टी. येते.

तेव्हा घरच्या माणसांनी त्याला पहिल्या दिवशी गाडी देऊ नये. आधी दोन दिवस शेजारी बसून रस्ता पाहू द्यावा. दोरा या मनगटावरून त्या मनगटावर बांधावा. इथे कडेचा हात डावा.

तो रागावेल. म्हणेल, "मी काय नवा ड्रायव्हर आहे?" त्याला सांगा, "दादा, बाजू बदलली, की जुना ड्रायव्हरही दोन दिवस नवाच."

विचार करा आणि सांगा

१. उजव्या बाजूच्या देशात कोणते वळण मोठे? का?

२. बाजू बदलल्यावर स्वीडनमध्ये सुरुवातीला अपघात कमी का झाले? पुढे ते पुन्हा का वाढले?

३. मामाने करारातली कोणती ओळ वाचली? त्यावरून त्याने कोणते प्रश्न विचारले?

४. तुमच्या गावातून परदेशी गेलेल्या एका ड्रायव्हरला भेटा. पहिल्या आठवड्यात त्याला काय अवघड गेले, ते विचारा. पाच ओळी वहीत लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.